धावणं बंद, भुंकणं बंद

केसपेपरवर नाव, वय, वजन आणि औषध एवढंच मावतं. उरलेलं सगळं डोक्यात साचत जातं आणि चहा आला की बाहेर पडतं. भंडाऱ्यात मी जनावरांची डॉक्टर. सध्या आमच्या चहाला विषय एकच, कारध्याचे नामदेव काकाजी आणि त्यांचा कुत्रा टायगर!

*

धानाच्या बांधावर रानडुकरांमागे धावताना टायगरला धाप लागली, म्हणून काकाजी त्याला घेऊन आले. छातीला नळी लावली तर ठोके अडखळत होते. म्हटलं, "उद्या सकाळी रक्त घेऊ. उपाशीपोटी आणा."

सकाळी काकाजी, काकू, मुलगा, सून, चौघंही सुकलेल्या तोंडानं हजर!

"आमी जेवाले बसलो का हा ताटापाशी येऊन बसते जी," काकाजी म्हणाले. "मंग कालपासून कोणीच नाही जेवलो."

*

सोनोग्राफीसाठी छातीचे केस काढले, पण टायगर टेबलावर आडवा होईना. शेवटी काकाजी शेजारी आडवे झाले, तेव्हा कुठे तो झोपला. जाताना काकाजींनी आपली बनियान काढून त्याला घातली.

"काहून जी?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"असा गावात नेला तं लोकं हासतीन ना मॅडम!"

*

रिपोर्ट मात्र हसण्यासारखे नव्हते. हृदयाचे स्नायू ताणून पातळ झालेले. त्यांच्यावर ताण आला की रक्तात एक प्रथिन वाढतं, तेही भरपूर वाढलेलं. मी सांगितलं, "गोळ्या रोज. धावणं बंद, भुंकणं बंद."

"आठ वर्सं यानं माह्यं वावर राखलं," काकाजी हळूच म्हणाले. "वाचंल ना जी?"

मी गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. "तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू," एवढंच बोलले.

*

तीन महिन्यांनी ते प्रथिन चांगलंच उतरलं होतं. इतका आनंद झाला की मी टायगरलाच शाबासकी दिली! मग विचारलं, "डुकरांमागे धावत नाही ना?"

"नाही जी. तो मचाणीवर बसून पाहत राह्यते. मी धावतो ना!"

"आणि भुंकणं?"

काकाजी खाली बघायला लागले. काकूंनी तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात बाहेर बसलेल्या एका साहेबांचा अल्सेशियन दारात येऊन टायगरवर भुंकू लागला. टायगर जागचा हलला नाही. त्यानं फक्त मान वळवून काकाजींकडे पाहिलं.

काकाजींनी टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली, दारात गेले आणि छातीभर श्वास घेतला.

अल्सेशियन थेट बाकाखाली!