नाताळातली उसाची मोळी

भूतखेत, करणी, अंगारे-धुपारे — यातलं काही मी मानत नाही. आजही नाही. शाळेत विज्ञान शिकवतो मी! पण हे एकदा लिहून मोकळं व्हावं म्हटलं...

आष्टी तालुक्यातली आमची शाळा. त्या वर्षी दुष्काळ असा, की जवळच्या सहकारी कारखान्याला गाळायला ऊसच नव्हता. गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या पार कर्नाटकात गेल्या. मागे राहिलेली पोरं शाळेच्या वसतिगृहात. त्यातली दुसरीतली राणी आईबाप ऊसतोडीला गेल्यापासून जेवेना. दोन घास, की पुरे. पार वाळून गेली होती. आईला कळवलं असतं तर बाई उसाचा फड सोडून धावत आली असती, म्हणून आम्ही गप्प होतो. नाताळ झाला की दवाखान्यात न्यायचंच, असं ठरलं.

पोरांनी टीव्हीवर सांताक्लॉज पाहिलेला. त्याला ती 'लाल बाबा' म्हणत. यंदा मीच बाबा होणार होतो — भाड्याचा लाल डगला, कापसाची दाढी, दूध संस्थेने दिलेले बिस्किटांचे पुडे. नाताळच्या सकाळी आष्टीहून निघालो आणि रस्त्यात गाडी पंक्चर. पोचायला दुपार झाली. सोंग अजून पिशवीतच!

फाटकातच पोरांचा गलका — "सर, लाल बाबा येऊन गेलते!"

स्वयंपाकाच्या शांताबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आवो, मंग ते कोण व्हतं? मला वाटलं, तुमीच दाढी लावून आलता."

राणी ओट्यावर बसून ऊस खात होती. शेजारी छोटीशी मोळी, उसाच्या शेंड्याच्या पानांनी बांधलेली. पंचक्रोशीत उसाचं टिपरू नव्हतं, आणि ही पानं हिरवीगार!

"माज्या आईनं बांधलीय," राणी म्हणाली. "ती आशीच दुहेरी गाठ मारती." मग तिनं शांताबाईंकडे भाकरी मागितली. मला रडूच आलं.

संध्याकाळी तिच्या आईला फोन लावला. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "सर, खाल्लं का वो लेकरानं? सकाळी फडात एक म्हातारबाबा आलते, लाल डगल्यातले. म्हणले, तुजी लेक जेवत न्हाई. मंग मी मोळी बांधून दिली..."

तो फड आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर. कोण होता, कसा आला, मला आजही सांगता येत नाही. शांताबाई देव म्हणतात. मी वाद घालत नाही.

"खाल्लं, बाई. भाकरी मागून खाल्ली," मी फोनवर म्हणालो.

ती रडायलाच लागली. मग डोळे पुसत असावी, म्हणाली, "सर, ते बाबा तिकडं परत आले, तर त्यास्नीबी जेवू घाला. हितनं उपाशीच गेलते."