खोली म्हण रे

रिकामी जागा बघायला गेली की आमची वैनी आधी खाली बसायची. चटई नाही, वर्तमानपत्र नाही, सरळ फरशीवर. भिंतीला पाठ टेकायची, पाय लांब करायची आणि गप्प राहायची. जागा दाखवायला आलेला एजंट बिचारा किल्ली फिरवत उभा. तो म्हणायचा, "काकू, हवा इकडून येते, उजेड तिकडून येतो." वैनी ऐकून घ्यायची, उत्तर द्यायची नाही. तिचं बसून झालं की उठायची, साडी झाडायची आणि निकाल द्यायची. निकाल दोनच प्रकारचे. "बरी आसा," नाहीतर "हय माजो भात शिजाचो नाय," म्हणजे इथे आपलं जमायचं नाही.

एकदा कामानिमित्त मी मुंबईत होतो, तेव्हा तिच्याबरोबर अशीच एक जागा बघायला गेलो. एजंट म्हणाला, "स्टेशनपासून फक्त दहा मिनिटं." वैनीने शुद्ध मराठीत विचारलं, "कोणाच्या पायांनी?" मग बसली. मी उभाच होतो. बाहेर पडल्यावर मी तिला म्हटलं, "वैनी, लोक नळ सोडून बघतात, भिंती ठोकून बघतात. तुझं हे बसणं काय?" ती म्हणाली, "उब्यान जागा कळणा नाय, भावजी. उबो माणूस सगळीकडे पावणोच. वायच बसान बगूक व्हयी."

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादा मुंबईत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. मी धाकटा, मालवणजवळच्या गावातल्या आमच्या घरात राहिलो आणि कणकवलीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. वैनी लग्न होऊन याच घरात आली, पण हळद उतरायच्या आत दादाबरोबर मुंबईला गेली. त्यानंतर मे महिन्यात आणि चतुर्थीला यायची. आली की माजघराच्या उजवीकडची खोली तिची. ती मुंबईत असली तरी आम्ही त्या खोलीला वैनीची खोली म्हणायचो आणि तिथे आंबे पिकत घालायचो.

मुंबईत त्यांची भाड्याची जागा. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने भरत आले की मालकाला मुलाचं लग्न आठवायचं, नाहीतर भाडं वाढवायची आठवण व्हायची. मग नवी जागा, नवा मालक, नवी सोसायटी, "माणसं किती, मासे करता का" हे नवे प्रश्न. मालवणच्या माणसाला मासे करता का म्हणून विचारायचं! वैनी सांगायची, "करतो, पण वास बाहेर सोडत नाही." अशा घरांमध्ये तिने कधी एक खिळा मारला नाही. कॅलेंडर फ्रिजला टेकून उभं, आरसा खिडकीत, देव कपाटावर. "दुसऱ्याच्या भिंतीक भोक पाडू नये," म्हणायची. "भिंत आपली नाय आणि भोक मातर आपला."

स्वतःची जागा हवी, हा तिचा एकच ध्यास. मला तिची दुसरी कुठलीच मागणी आठवत नाही. सोनं नाही, सहल नाही. रविवार आला की दादाला घेऊन जागा बघायला निघायची. पहिल्यांदा दादरच्या आसपास बघितल्या. तिथे बसण्याइतका वेळसुद्धा एजंटने दिला नाही. मग अंधेरी, मग कांदिवली, मग भाईंदर. दादाचा पगार वाढायचा, पण तो घेऊन जिथे पोचावं तिथला भाव आदल्याच महिन्यात पुढे निघून गेलेला असायचा. जाहिरातींत डोंगर असायचा, तलाव असायचा, पोहण्याची सोय असायची. भाव मात्र फोन करून विचारावा लागायचा. गावी आली की वैनी हे सगळं ओट्यावर बसून हसत सांगायची. "जागा अशीच सरकत रवली तर एक दिवस आमका ती कणकवलीकच गावतली बगा."

शेवटी ती विरारच्याही पुढे गावली. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर, लिफ्ट नाही. वैनी बसली होती, "बरी आसा" म्हणाली होती. दादा व्यवहार ठरवणार, तेवढ्यात मे महिना आला आणि ती दोघं गावी आली. आमच्या आईने हट्ट धरला की देवाला विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आमच्याकडे मोठं काही करायचं तर रवळनाथाचा कौल घेतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, आपण काय विचारायचं ते विचारायचं, आणि उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आम्ही सगळे गेलो. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "मुंबैक ह्येनी घर घेवचा म्हणतत, ता बरा जातला काय, म्हाराजा?" डावी पडली. पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. दादाचा चेहरा पडला. आई तर खांबाला धरून खालीच बसली. वैनी नुसती पाषाणाकडे बघत होती. इतकी वर्षं शोधून मिळालेली जागा एका कळीने जायची वेळ आली होती.

गुरव म्हातारा आणि वस्ताद. थोडा वेळ डोकं खाजवून तो वैनीकडे वळला. "चुकी माजी. मी घर म्हटलंय. घर तुमचा हय आसा मा? ता आसताना देव दुसऱ्या घराक व्हय कसो म्हणतलो? तिका काय म्हणतत थय, खोली? तर मगे खोली म्हणाक व्हया." त्याने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी खोलीचं. उजवी कळी अशी टपकन पडली की आम्ही सगळे हसलो. वैनी सगळ्यांत जास्त हसली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. गुरवाने निघताना तिला बजावलं, "पण आता शब्द पाळ गो. देवाक खोली सांगितलंस, ती खोलीच."

तिने पाळला. गंमत म्हणून पाळला असेल असं मला वाटायचं, पण गंमत इतकी वर्षं टिकत नाही. तिचा मुलगा महेश शाळेतून येऊन म्हणायचा, "आई, मी आपल्या घरी मित्रांना बोलावू?" वैनी लगेच, "खोली म्हण रे." शेजारणीला, पोस्टमनला, फोनवर मला, सगळ्यांना खोली. "खोलयेचो नळ गळता, खोलयेक रंग काडूचो आसा." महेशला तर सवयच लागली. घर म्हणजे गावचं, मुंबईची ती खोली. त्याच्या मित्रांना हा काय प्रकार आहे ते कधी कळलं नाही.

वास्तुशांतीला मी गेलो होतो. जिने चढून दम लागलेला, आणि आत शिरतो तर भिंतींवर खिळेच खिळे. एकावर कॅलेंडर, एकावर आरसा, एकावर दादाची पिशवी, एकावर नुसती चाळण. काही खिळ्यांवर काहीच नव्हतं. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाली, "आसांदेत. लागतले." खिडकीत रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली होती. तुळशीची माती तिने आमच्या अंगणातून पिशवीत भरून नेली होती, हे मला तेव्हा कळलं. दिवसभर ती पाहुण्यांना वाढत होती आणि मध्येच कुठल्या तरी भिंतीला हात लावत होती.

मग दादा गेला, मे महिन्यात गावी आलेला असतानाच. महेशला नोकरी लागली ती पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज जाऊन येऊन त्याचे हाल व्हायला लागले, तेव्हा तो ऑफिसजवळ भाड्याने राहायला लागला. अकरा महिन्यांचा करार. जागांचे व्हिडिओ तो वैनीला पाठवायचा. ती म्हणायची, "बरो दिसता, पण त्येच्यात बसाक येता काय?"

वैनी तिसऱ्या मजल्यावर एकटी. मी तिला सारखा सांगायचो, आता गावी ये, तिथे कोण आहे तुझं? तिची खोली मी नीट करून घेतली. फरशी बदलली, लागूनच संडास-बाथरूम बांधलं, गुडघे दुखतात म्हणून कमोड बसवला. ती म्हणायची, "येतंय मगे. खोलयेचा काय ता बगतंय आणि येतंय." चतुर्थीला यायची, त्या नव्या फरशीचं कौतुक करायची, आणि गौरी गेल्या की परतीच्या गाडीची चौकशी करायची. मला वाटायचं, मुलासाठी अडकून पडली आहे. आणखी एक गोष्ट मी बघत होतो, पण बघून सोडून देत होतो. खोलीत कपाट होतं, तरी ती कपडे बॅगेतूनच काढायची आणि बॅगेतच ठेवायची.

या वर्षी पावसाळा संपता संपता ती आजारी पडली. मुंबईच्या इस्पितळात बरेच दिवस होती. मग एक दिवस महेशचा फोन आला. "काका, डॉक्टर म्हणतात आता काही करण्यासारखं नाही. आई सारखी घरी न्यायला सांगता, माका घराक व्हर म्हणता. घेवन येतंय."

मी म्हटलं, ये. दुसरं काय म्हणणार होतो? कोणतं घर, असा प्रश्न ना त्याला पडला ना मला. आमच्या कुटुंबात त्या शब्दाचा अर्थ देवासमोर ठरला होता. मी खोली झाडून घेतली, नवी चादर घातली, उशीला अभ्रा घातला. दुपारी रुग्णवाहिका अंगणात आली. वैनी अगदी एवढीशी झाली होती, पण शुद्धीत होती. आम्ही तिला पलंगावर ठेवलं. तिने वर छपराकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"भावजी," ती म्हणाली, "माका हय कित्याक हाडल्यात?"

महेश पुढे झाला. "आई, घराक व्हर म्हणालंस मा तू? घराकच इलंव."

"ह्या काकाचा घर, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं. "मी माज्या घराक म्हणत होतंय. थय खिडकेत तुळस आसा. तिका पाणी कोण घालता?"

महेशच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "खोलयेक?"

"घर म्हण रे," वैनी म्हणाली.

परत नेता येईल का, हे महेशने मालवणहून आलेल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. महेश मागीलदारी जाऊन खूप रडला. मी रडलो नाही. मला रडू यायला हवं होतं, कारण त्या क्षणी मला सगळं कळलं होतं: तिची बॅग, रिकामे खिळे, ती माती. पण आत काही हललंच नाही. अजूनही नाही. लोकांना वाटतं मी खंबीर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "माका वायच बसवा." आम्ही तिला उचलून भिंतीला टेकवून बसवलं, पाय लांब करून दिले. ती गप्प राहिली. खिडकीतून अंगण दिसत होतं, माड दिसत होते, विहिरीवर माझी बायको कपडे धूत होती त्याचा आवाज येत होता. मी आणि महेश उभे होतो. किती तरी एजंट असे उभे राहिले असतील. ती सगळीकडे नीट बघत होती, फरशी, दार, मी बांधलेलं बाथरूम. मग माझ्याकडे बघून थोडी हसली.

"खोली बरी आसा, भावजी," ती म्हणाली.

संध्याकाळी ती गेली. आमच्या स्मशानात, दादाला नेलं होतं तिथेच तिला नेलं. दिवसकार्य इथेच झालं. तुळस वाळली होती, असं महेशने परत गेल्यावर फोनवर सांगितलं. भिंतीवरचे खिळे त्याने तसेच ठेवले आहेत.

गावातली माणसं अजून भेटायला येतात. ओट्यावर चप्पल काढतात, एक सुस्कारा टाकतात आणि बहुतेक सगळे एकच सांगतात. "बाकी काय नाय, पण नशीबवान बाई. शेवटाक आपल्या घराक इली." मी मान डोलावतो, आणि त्यांना बसा म्हणतो.