घर विकायला काढलं आणि मुलगा परत आला

मुलगा घरी आला की आईला आनंद होतो म्हणतात. माझा मुलगा गेल्या कार्तिकात दोन बॅगा आणि कॉम्प्युटरचं खोकं घेऊन दारात उभा राहिला, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अरे, आत्ता कशाला आलास?" आता यात माझं काय चुकलं, सांगा. पुढच्याच रविवारी घराचं गिऱ्हाईक बयाना द्यायला येणार होतं.

घर म्हणजे ग्वाल्हेरच्या दौलतगंजातलं आमचं, खाली दोन खोल्या, वर दोन. गल्ली एवढीशी, की स्कूटर बाहेर काढायची तर आधी शेजारणीला ओरडून सांगावं लागतं, "दीदी, बाल्टी हटाना!" हे रिटायर झाले की घर विकायचं आणि पुण्याला मुलीजवळ जाऊन राहायचं, असं आमचं कधीचं ठरलेलं. मुलगी आणि जावई दोघं नोकरीला, नात अजून बोबडं बोलणारी, पाळणाघरात रडून रडून आवाज बसवून घेते. मुलीनं तिच्याच सोसायटीत आमच्यासाठी फ्लॅट बघून ठेवला होता. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, त्याचा व्हिडिओसुद्धा पाठवला होता.

"तुला सांगितलं होतं ना, घर काढलंय म्हणून?" मी मुलाला विचारलं.

"आई, तू तो मैं स्कूल में था तब से बोल रही है," बूट काढता काढता तो म्हणाला. "मला वाटलं, नेहमीसारखं बोलतेयस."

पुण्याची नोकरी त्यानं सोडली नव्हती. ऑफिसकडून घरून काम करायची परवानगी मागून घेतली होती, आणि आता म्हणे तो इथेच राहणार होता.

"इथे म्हणजे कुठे?"

"इथे म्हणजे घरी."

मी कपाळावर हात मारला. ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे त्याच्या बॅगा उचलून वर निघालेसुद्धा!

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचं एक विचित्रच असतं. किती पिढ्या इथे गेल्या, पण 'आपल्याकडे' म्हटलं की बोट पुण्याकडे. माझ्या सासूबाई जन्मात कधी पुण्याला गेल्या नाहीत, तरी येता जाता "आपल्याकडे असं नसतं हो" चालूच. मीही तेच पुढे चालवलं. उंबऱ्याच्या आत मराठीच बोलायचं, हा माझा नियम. दोघं भावंडं गल्लीतून हिंदीत भांडत यायची आणि उंबऱ्यावर पाय पडला की तेच भांडण मराठीत सुरू. आणि माझा धोशा एकच, "शिका आणि पुण्याला जा. इथे राहून काय नई सडकेवर दुकान टाकायचंय?"

गेली. दोघंही गेली. मुलगी तर अशी पुणेकर झाली, की आता माझंच मराठी दुरुस्त करते. मला वाटायचं मुलाचंही तसंच चाललंय. फोनवर विचारावं तर "मजेत" म्हणायचा. तो आला त्या संध्याकाळी मी त्याला खोदून खोदून विचारलं, काही झालं का, कोणी काही बोललं का, एखादी मुलगीबिलगी? तर हसला.

"तसं काही नाही गं. लोक चांगले आहेत. पण मी तोंड उघडलं की विचारतात, तू हिंदीवाला का? इथे लहानपणी पोरं मराठा म्हणून चिडवायची. फरक एवढाच, की इथल्या चिडवण्याला मला उत्तर देता येतं."

मला राग आला. कोणाचा, ते मात्र कळेना. त्याचा, पुण्याचा, सासूबाईंचा की माझा स्वतःचा! भाजीत मीठ दोनदा पडलं आणि हे दोघं निमूटपणे जेवले.

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक. सकाळी उठावं तर हा गरमागरम बेडई, डाळ भरलेल्या पुऱ्या, घेऊन आलेला. टाकीचा नळ किती दिवस गळत होता, तो त्यानं दुरुस्त केला. दुपारी वरून त्याच्या हसण्याचा आवाज यायचा, तशी मी कणकेचे हात घेऊन जिन्याखाली उभी राहायची. बरं वाटायचं हो, खोटं कशाला बोलू? मग मनाशी म्हणायची, नकोच विकायला. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, नात पडद्याला गाल चिकटवून "आजी ये, आजी ये" करायची, आणि मी परत खोकी पुढे ओढायची. पुरणयंत्र सकाळी खोक्यात भरलं, दुपारी बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी परत भरलं.

ह्यांना विचारलं, तर "तू म्हणशील तसं." डोंबल माझं! आयुष्यभर स्वतःच्या मनासारखं वागलेला माणूस, आणि नेमका आत्ताच माझ्यावर सोडून मोकळा.

मुलं लहान होती तेव्हा बरं होतं. पडलं त्याच्याकडे धावायचं. दोघंही पडली तर जास्त रडेल त्याला आधी उचलायचं. आता दोघंही रडत नाहीत. समजुतीनं बोलतात, "आई, तुला योग्य वाटेल ते कर" म्हणतात. त्यातून कोणाला जास्त लागलंय, हे ओळखायचं कसं? मला तर अजून कळलेलं नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नई सडकेवरचे कापडाचे व्यापारी आणि त्यांची बायको. माणसं सभ्य, त्यांना दुकानाजवळ घर हवं होतं. मुलगा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आला, तशी बाई म्हणाल्या, "बेटा साथ में रहता है? बड़ी किस्मत वाली हो बहनजी. फिर मकान क्यों निकाल रही हो?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे पाहत होते, तेही थंडीच्या दिवसांत बंद असलेल्या. व्यापाऱ्यानं खिशातून बयान्याचं पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं, आणि मी मनाशी काही ठरवायच्या आतच माझं तोंड बोलून गेलं, "भाईसाहब, अभी रहने दीजिए."

ते काही वाईट बोलले नाहीत. चहा मात्र अर्धा टाकून गेले.

मला वाटलं, आता मुलगा गळ्यात पडेल. तो रिकामे कप उचलत म्हणाला, "आई, माझ्यासाठी नाही ना थांबवलंस? क्योंकि मुझे भी पक्का नहीं पता यार. चार-सहा महिने बघतो. नाही जमलं तर जाईन परत."

ट्रे हिसकावून त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. त्याची तरी काय चूक म्हणा. मला एवढी वर्षं पक्कं वाटत होतं, ते मी एका क्षणात मोडलं होतं.

मग मुलीला फोन लावला. लावायच्या आधी पाणी प्यायले, कारण ही मुलगी म्हणजे जन्माची भांडखोर. मोदक लहान आला म्हणून भांडली, भावाला आधी सायकल घेतली म्हणून भांडली, स्वतःच्या लग्नात बोहल्यावर चढायच्या आधी साडीवरून माझ्याशी भांडली. आता ती काय म्हणेल ते मला पाठ होतं. "तुला पहिल्यापासून तोच लाडका! माझ्या पोरीचं काय? त्या फ्लॅटवाल्याला मी काय तोंड दाखवू?" या सगळ्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.

मी सांगितलं. तिकडे मागे नात कसलंसं भांडं आपटत होती.

"बरं, आई," ती म्हणाली. "हरकत नाही. पाळणाघरात मी पुढच्या वर्षाचं सांगून ठेवते. तू जेवलीस का?"

जेवले म्हटलं. जेवले नव्हते.

"मग ठेवते हं," म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

"चिडली का?" ह्यांनी विचारलं.

"चिडली नाही हो," एवढंच म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.