अर्ध्या पावलाचं प्लास्टर

बार्शी सोडली त्या सकाळी मी न्हाणीतून ओल्या पायांनी तसाच देवाला नमस्कार करायला गेलो आणि मग पत्र्याची ट्रंक उचलली. सारवलेल्या जमिनीवर माझी पावलं उमटली होती. अक्का केरसुणी घेऊन आली, तशी आई तिच्यावर खेकसली, "आत्ताच न्हाय झाडायचं. पोचू दे की त्याला." माणूस गावाला निघालं की लगेच केर काढायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. आईचे डोळे भरलेले बघून अण्णा म्हणाले, "सोलापूर म्हंजे काय विलायत हाय का?" धान्याच्या आडतीवर दिवाणजी असलेल्या अण्णांना सोलापूर रोजचंच. मला मात्र ती विलायतच होती.

बार्शीत राहिलेल्या आणि पुण्या-मुंबईला पांगलेल्या भावंडांनो, तुम्हाला वाटतं, मी डॉक्टरकी शिकायला आलो आणि सोलापूरचा झालो. छे! सात वर्षं मी होस्टेलवर राहिलो, पण कुणी घर विचारलं की बार्शीच सांगायचो. शेजारी तेलुगू, वॉर्डात कानडी, टांगेवाला दखनीत बोलणार, आणि मी आपला शनिवारची एसटी गाठायला टपलेला. जीव रमला तो हाडांच्या विभागात रेसिडेंट झाल्यावर, आणि तोही आमच्या सरांमुळे.

सत्तरच्या दशकातली ती गोष्ट. मांडीचं हाड मोडलं की सगळे धावायचे. घोट्याकडे आणि पंजाकडे कुणी ढुंकून बघत नसे. सर बघायचे. मंगळवारी त्यांचा पायांचा वर्ग असे, आणि पुस्तक उघडण्याआधी आम्हाला बूट-मोजे काढून वॉर्डभर अनवाणी चालावं लागे. नर्सेस तोंडाला पदर लावून हसायच्या. मला त्या वेडाची लागणच झाली! एका पावलात सव्वीस हाडं, आणि त्यांतलं एक रुसलं तरी माणसाची चाल बदलते, हे कळल्यावर मी रस्त्यात लोकांच्या तोंडाकडे बघायचंच सोडून दिलं. ओळखीची माणसं रागवायला लागली.

त्याच सुमारास नरसय्या आले. चाळिशीचे, हातमागावर विणणारे. हाडाच्या टीबीनं त्यांच्या घोट्याचा सांधा पार खाऊन टाकला होता. औषधांनी रोग थांबला, पण पाऊल टाकलं की कळ. उपाय एकच, सांध्याची हाडं ऑपरेशन करून एकमेकांना जोडून टाकायची. घोटा मग दुखत नाही, पण वाकतही नाही; ज्या कोनात जोडाल त्या कोनात तो पाय जन्मभर राहतो. नरसय्या एवढंच म्हणाले, "माग सोडून मला दुसरं काय येतंय ओ? तेवढं बघा, डॉक्टरसाब."

कोन ठरवायचं काम सरांनी मला दिलं. मी हवेत! विलायती पुस्तक पालथं घातलं आणि ऐटीत सांगितलं, बोटं थोडी खाली झुकलेली ठेवायची. सर म्हणाले, "ठीक आहे. आधी तुम्ही घाला." ही त्यांची पद्धत. माझ्या धडधाकट पायाला त्याच कोनात गुडघ्याखाली प्लास्टर चढलं. सोमवारपर्यंत काढायचं नाही, वर चप्पल नाही, टाचेखाली काही लावायचं नाही.

शनिवारी मी तसाच एसटीत चढलो. बार्शीच्या स्टँडपासून घरापर्यंत निम्म्या गावानं मला कुठं पडलास म्हणून विचारलं. आई तर पांढरीफटक. तिला समजावलं, घरात दोन फेऱ्या मारून दाखवल्या, आणि गुडघ्यामागे अशी रग लागली की खांब धरून उभा राहिलो. आई जमिनीकडे बघत होती. ताज्या सारवणावर प्लास्टरचे पांढरे ठसे उठले होते.

"टाच कुटं गेली रं तुझी? अर्धंच पाऊल उमटलंय की."

मी बघतच राहिलो. पुस्तकातला पाय बुटातला होता! बुटाला टाच असते, म्हणून बोटं झुकलेली चालतात. नरसय्या घरात, मागावर, रस्त्यावर अनवाणीच. त्यांची टाच नीट कधी टेकलीच नसती. अण्णांनी आयुष्यात बूट घातला नव्हता, आणि त्यांचा मुलगा बुटाच्या हिशेबानं माणसाचा पाय जन्माचा बिघडवायला निघाला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगू? त्याच पायानं नाचावंसंही वाटलं, कारण चूक वेळेत सापडली होती.

सोमवारी सरांनी विचारलं, "पुस्तक चुकलं?"

"नाही सर. मी पाय बघितलाच नव्हता."

"मग कोन?"

"काटकोन."

"कुणी सांगितलं?"

"आईनं."

सर हसले नाहीत. "मंगळवारच्या वर्गात हे सगळ्यांना सांगा," म्हणाले.

ऑपरेशन काटकोनात झालं. प्लास्टरमध्ये नरसय्यांचे काही महिने गेले, मग चालण्याचा सराव. त्यानंतर एका दुपारी ते ओपीडीबाहेरच्या नळावर पाय धुऊन, शहाबादी फरशीवरून माझ्याकडे चालत आले. किंचित लंगडत होते, पण तोंडभर हसत होते. "मागावर बसतोय की आता." मी त्यांच्या मागे बघितलं. फरशीवर ओली पावलं होती. दोन्ही पायांची, टाच, कड, बोटं, सगळं जागच्या जागी.

ओपीडीतल्या सफाईच्या मावशी फडकं घेऊन पुढे झाल्या, आणि माझ्या तोंडून आईचा आवाज निघाला, "आत्ताच न्हाय पुसायचं!"

मावशी चमकून थांबल्या. ती पावलं वाळेपर्यंत मी तिथंच उभा होतो, आणि मला भरून आलं होतं. त्या शनिवारी मी एसटी पकडली नाही. आईला पत्र टाकलं, की पाऊल पुरं उमटलं, आणि पाकिटावर पहिल्यांदा माझा पत्ता म्हणून सोलापूर लिहिलं.

आता मी शिकवतो. कोन ठरवणाऱ्या रेसिडेंटला आधी प्लास्टर घालतो आणि ते घेऊन शनिवारी त्याच्या घरी पाठवतो.