सगळ्यांना ऐकू येत होतं

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या स्टँडवर कुणाची जीप वाजायला लागली तर ड्रायव्हर आधी मेकॅनिककडं जायचा न्हाई, आधी जमीलभाईकडं यायचा. भाई, जरा बसा ना शेजारी, एवढंच म्हणायचा. जमीलभाई हातातला चहा तसाच ठेवून बसायचे, डोळे मिटून घ्यायचे, गाडी फाट्यापर्यंत जाऊन यायची आणि उतरता उतरता निकाल लागायचा. डाव्या चाकाचं बेअरिंग. न्हाईतर, काही न्हाई रे, पत्रा ढिला हाय. तो निकाल कुणी परत तपासायचं न्हाई. जमीलभाईचा कान म्हणजे कान!

भाईंची स्वतःची जीप गोरेगाव ते हिंगोली सवाऱ्या न्यायची. त्यांची लेक आफिफा हिंगोलीत कॉलेजला. रोज अब्बाच्याच जीपमध्ये, पुढं खिडकीशी. ब्रेकचं सगळं तिला लहानपणापासून पाठ. ब्रेकचे पॅड झिजत आले की त्यातली छोटी पत्ती चाकाच्या लोखंडी डिस्कला घासती आणि बारीक चिरकती. अब्बा म्हणायचे, गाडी तेव्हा हात जोडून सांगत असती. तेव्हा ऐकलं तर पॅडवर भागतं. न्हाई ऐकलं तर डिस्क जाती, आणि त्याच्यापुढं माणूस.

आणि शेतातली हळद काढायच्या दिवसांत एका सकाळी तीच पत्ती अब्बाच्या जीपमध्ये चिरकली.

आफिफानं वळून बघितलं. अब्बाचा चेहरा साफ कोरा. तिला वाटलं ऐकलं असंल, बघतील संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी परत तेच. ब्रेकवर पाय ठेवला की चीऽऽ, सोडला की बंद. मागं कापडाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या रोजच्या सवारीतल्या गंगूताईनं तर कानात बोटं घातली. तरी अब्बा आपले मजेत, कुणाच्या तरी बैलाचा किस्सा सांगून राहिलेले.

घरी आल्यावर ती बोललीच. घरात त्यांची दखनी चालायची. "अब्बा, ब्रेक बजरा."

"कुछ नै बजरा बेटा," अब्बा हसले. "तेरे कान बजरे."

असे हसले की तिलाच शंका आली. पण मग ती बघत बसली. घराबाहेर रातकिडे ओरडून राहिलेले, अब्बा म्हणतात काय शांतता हाय आज. त्यांच्या उशाशी मोबाईलवर मेसेज टिंगटिंग करतो, ते हलत न्हाईत. बोललेलं सगळं ऐकू येतं, हॉर्न येतो, इंजिन येतं. फक्त बारीक, टोकदार आवाज गेलेले. कधी गेले कुणास ठाऊक, त्यांना स्वतःलाच ठाऊक न्हाई! रडूच आलं तिला.

तिनं अम्मीला सांगितलं. बिलकीस भाकरी थापता थापता म्हणाली बाहेर बोलू नको. कान गेलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसंल? आणि ह्यांना दुसरं येतं तरी काय? शुक्रवारी गाडी घरीच असती, तेव्हा काहीतरी करून चाक खोलायला लावते. आफिफा गप्प बसली. तिलाही तेच पाहिजे होतं, कुणाला कळू नये.

शुक्रवार यायच्या आधीच ते झालं. हिंगोलीच्या वाटेवर सेनगावच्या अलीकडं उतार, कडेला उकडलेली हळद वाळत घातलेली, पुढून ट्रॅक्टर आडवा आला. अब्बानं ब्रेक दाबला. चिरकणं न्हाई, खरखर असा जाड आवाज आला, जीप एका अंगाला ओढली गेली, हळदीवरून घसरत गेली आणि बांधाला टेकून थांबली. कुणाला मोठं काही झालं न्हाई. गंगूताईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, टेंगूळ आलं. नशीब म्हणायचं.

अब्बानं तिथंच जॅक लावला, चाक काढलं आणि बघतच राहिले. पॅड शिल्लकच न्हाई, नुसतं लोखंड. डिस्कवर नांगरल्यासारखे चर. असं एका दिवसात होत न्हाई, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"कधीपासून वाजत होता?" त्यांनी हळू विचारलं.

गंगूताई कपाळ चोळत म्हणाली, "लय दिवस झाले की."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"आमी काय बोलावं, भाई? तुमी चालवून राहिले म्हणजे काही नसंल, असं वाटलं. तुमच्या कानाला कळंना ते आमाला काय कळंल?"

अब्बा हातातला पाना बघत बसले. आफिफाला वाटलं जमीन फाटावी. सगळ्यांना ऐकू येत होतं, सगळे त्यांच्याच कानावर भरवसा ठेवून गप बसले होते. आणि तीही.

तेवढ्यात मागून त्याच रस्त्यावर सवाऱ्या नेणाऱ्या उद्धवची जीप आली. माणसांनी हात केले, ती थांबली. थांबताना चिरकली. बारीक, लांबलचक. सगळ्यांच्या माना आपोआप अब्बाकडं वळल्या, ऐकलं का बघायला. अब्बानं ते चेहरे बघितले आणि समजायचं ते समजले. लेकीकडं बघून विचारलं, "उस का बी बजरा?"

तिनं मान हलवली.

अब्बा उठून उद्धवच्या खिडकीशी गेले. "पॅड संपले तुझे. पुढं नेऊ नको, चाक खोल."

"तुमी ऐकलं?"

"न्हाई. पोरीनं ऐकलं."

उद्धवनं एकदा बांधाला टेकलेल्या जीपकडं बघितलं, एकदा आपल्या मागच्या अर्ध्या भरलेल्या सीटांकडं. वाईट नव्हता तो. आजवर जमीलभाईचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. आज मात्र हसून म्हणाला, "राहू द्या भाई. तुमी घरी जा, आराम करा. माझ्या ब्रेकवर धूळ बसली असंल."

गंगूताई पिशवी घेऊन चढली. सगळेच चढले. आफिफा धावत गेली, गंगूताईचा हात धरला, म्हणाली बसू नका, खरंच वाजतोय. गंगूताईनं तिच्या गालावरून हात फिरवला, लेकरू भ्यालं म्हणाली, आणि आत सरकली.

जीप गेली. अब्बानं लगेच फोन लावला. वाजला, वाजला, उद्धवनं कापला. परत लावला, परत कापला. खाली उतारावर उद्धवनं ब्रेक मारला, ती चीऽऽ आफिफाला स्पष्ट ऐकू आली. अब्बा फोन हातात धरून तिच्या तोंडाकडं बघून राहिले होते, पुढं काय होतंय ते तिच्या चेहऱ्यावरून कळावं म्हणून.