टाकेबाईंची पाठ

टाकेबाईंचं खरं नाव कंपनीत कोणी कधी विचारलं नाही. कपडेपटाच्या खोलीत त्यांचं राज्य होतं. नायकाचा कोट असो की भिकाऱ्याची लक्तरं, टाका त्यांचाच. सिनेमा तेव्हा मुका होता. नटाला बोलता नाही आलं तरी चालायचं, पण कपड्यांना बोलता यायलाच हवं, असं बाई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. त्यांचा नवरा त्याच कंपनीत सुतार. घरातली दोन्ही माणसं रोज एकाच फाटकातून कामाला जात.

त्या वर्षी एका प्रेमकथेनं सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. सुतारानं महिनाभर खपून उभा केलेला महाल वावटळीनं उचलला आणि शेजारच्या गोठ्यावर नेऊन टाकला. मग कॅमेऱ्याचा पाय मोडला. नायिकेची तर तऱ्हाच वेगळी. मापाला उभं राहिलं की तिचे पाय दुखत, म्हणून बाई तिचा प्रत्येक पोशाख स्वतःच्या अंगावर घालून बेतत. आणि शेवटचा प्रसंग तेवढा उरलेला असताना ही नायिका लग्न करून नवऱ्याबरोबर परगावी निघून गेली. जाताना कंपनीची छत्रीही घेऊन गेली.

प्रसंग होता ताटातुटीचा. प्रियकर दारात तिचा निरोप घेतो आणि कोसळतो. तो प्रसंग नसेल तर गोष्टीला शेवट नाही, आणि शेवट नसलेला सिनेमा दाखवणार कोणाला? मालकांनी सरळ सांगितलं, हे चित्र पुरं झालं नाही तर फाटकाला कुलूप. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दिग्दर्शक कपाळाला हात लावून कपडेपटात आले तेव्हा बाई नायिकेचा झगा अंगावर चढवून आरशात घोळ बघत होत्या. नायिका पळाल्याची बातमी त्या खोलीपर्यंत पोचलीच नव्हती.

"वळू नका," दिग्दर्शक म्हणाले.

मग ते तडक गेले सुताराकडे, त्याच्या बायकोला पाठमोरी नायिका म्हणून उभी करू का, असं विचारायला. सुतारानं डोकं खाजवलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अट घातली: पाठ दिसली तर दिसू दे, तोंड दिसता कामा नये, आमच्या गल्लीतल्या लोकांच्या जिभा लांब आहेत. दोन पुरुषांनी मिळून बाईंच्या पाठीचा निकाल लावला आणि बाईंना विचारायचं मात्र दोघेही विसरले. बाई मनातून धुमसल्या. तो घोळ मग त्यांनी नायिकेच्या नाही, आपल्या उंचीला बसेल असा शिवला.

आता अडलं ते नायकापाशी. दिसायला राजबिंडा, पण चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ. कंपनीत त्याला ओंडका म्हणत. रडू यावं म्हणून त्याच्या नाकाशी कांदा धरला तर त्याला नुसत्या शिंका आल्या. त्यात कोऱ्या फिल्मचा एकच डबा उरलेला. चुकलं की संपलं.

भर उन्हात, उजेडासाठी बिनछपराच्या उभारलेल्या खोलीत बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. सुतार चकाकता फळा धरून उजेड पाडत होता. खांदे हलवू नका, एवढीच दिग्दर्शकांची सूचना. कॅमेऱ्याचं हँडल फिरू लागलं. समोर नायक ढिम्म. मापं घेताना बाईंची नजर फितीवर असायची; त्याचा चेहरा त्यांनी इतक्या जवळून प्रथमच पाहिला, आणि एरवी ज्याला त्या साहेब म्हणत त्याला हळूच विचारलं, "जेवलास का रे?"

त्याचा ओठ हलला.

"तुझी आई गेल्यापासून दोनदा कोट आत घेतला मी, इतका वाळलास. घरी कोणी विचारत नाही ना?"

आणि ओंडका फुटला. बाईंचा हात दोन्ही हातांत धरून तो लहान मुलासारखा रडला. दिग्दर्शकांनी आ वासला. कॅमेरावाला शहाणा, त्यानं डबा संपेपर्यंत हँडल सोडलं नाही. बाईंना रडू आलं, पण खांदे त्यांनी हलू दिले नाहीत.

चित्र लागलं आणि गावानं डोक्यावर घेतलं. तो प्रेमापायी रडतोय असं लोकांना वाटलं, वाटू दे. थिएटरात शेजारची एक अनोळखी बाई डोळे पुसत म्हणाली, नुसत्या पाठीनं केवढं बोलली हो ही! बाईंचा ऊर भरून आला. आणि का येऊ नये? अख्खं थिएटर ज्यावर हुंदके देत होतं, ते त्यांनी केलं होतं.

सुताराला राहवेना. तो उठून उभा राहिला. "ती माझी बायको आहे," त्यानं सगळ्यांना सांगितलं. मागचे म्हणाले, खाली बसा. पुढे गल्लीत त्यानं घरोघरी सांगून पाहिलं, पण गल्ली हसली. पाठीवरून कोण कोणाला ओळखणार? आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतलेला हा माणूस कितीतरी दिवस चडफडत होता.

कंपनी तगली. पुढच्या चित्राची जुळवाजुळव सुरू झाली, आणि दिग्दर्शक जुन्या सवयीनं पुन्हा सुतारापुढे येऊन उभे राहिले. सुतारानं हातातला रंधा थांबवलासुद्धा नाही.

"मला काय विचारता? तिला विचारा. आणि या वेळी तोंडही घ्या."

दिग्दर्शक कपडेपटाच्या दाराशी आले आणि आत यायची परवानगी मागून उभे राहिले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. नव्या चित्रात काम कराल का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. बाईंनी हातातला टाका पुरा केला, दोरा तोडला आणि समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"बसा. आधी गोष्ट काय आहे ते सांगा. आवडली तर बघते."