शिवगंगाबाई आणि मेलेला दात

राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. तिथली नांदी बाहेरच्या बाकावर होते आणि ती म्हणतात शिवगंगाबाई.

गडमुडशिंगीहून रोज केएमटीच्या बसनं येणाऱ्या या बाई म्हणजे डॉक्टर राजनंदिनींच्या मदतनीस. पेशंटचे नंबर लावायचे, अवजारं स्वच्छ करायची, खुर्चीजवळ हाताशी उभं राहायचं. डॉक्टरांनी आपण होऊन आणखी एक काम सोपवलं होतं, "मी बोलले की मागून तुम्ही सोपं करून बोला." दुखण्यापेक्षा दुखण्याच्या नावानंच माणसं निम्मी गारठतात, हे दोघींनाही ठाऊक.

"शेवटाला 'आयटिस' आलं की सूज समजायची," शिवगंगाबाई सांगत. "टॉन्सिलायटिस म्हंजे टॉन्सिलला सूज, जिंजिव्हायटिस म्हंजे हिरडीला. झालं! ॲक्यूट म्हंजे आत्ता उठलेलं. क्रॉनिक म्हंजे मुरलेलं, लोणच्यागत. आन् टार्टर? बंबात पाण्याचा खर, पांढरा थर धरतोय की, तसाच दाताला धरतोय." आवाज असा खणखणीत, की जिन्यावरच्या माणसालाही शब्दन् शब्द पोचावा. अशी फेक यावी म्हणून नटांनी उमेदीची वर्षं घातली आहेत. या बाईंना ती उपजतच होती.

एका सकाळी पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातून पिराजी आले. गावच्या देवळातली पहाटेची सनई त्यांच्या घराण्याकडे. वरचा पुढचा दात काळवंडलेला, हिरडीवर पुवाची पुळी. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाल्या, "काका, दात डेड झालाय. मेलाय. पण रूट कॅनॉल केलं की राखता येईल."

पिराजी खुर्चीतून उठले ते थेट बाकावर येऊन बसले. "राखायचा न्हाई. उपटा!"

शिवगंगाबाई मागोमाग आल्या. "आवो काका, पुढचा दात गेला तर ओठाला आधार कसला? सनई धरणार कशी?"

"न्हाई धरणार!" पिराजींचा आवाज चिरकला. "घरात सुतक असलं तर मी देवळाची पायरी चढत न्हाई. हितं तर तोंडातच मढं! ते घिऊन देवापुढं वाजवू व्हय?"

बाकावर कुणीतरी खुसखुसलं. शिवगंगाबाईंनी तिकडं असं पाहिलं, की हसू जागीच विरलं.

"आमच्यात सुतक धरत न्हाईत, काका."

"तुमच्यात न्हाई. आमचा देव धरतोय."

बाई शेजारी टेकल्या. "हे बघा, दाताच्या आत गाभा असतोय. नस आन् रक्त. तो सडलाय. मुळापातूर एक बारीक वाट असती, तिलाच कॅनॉल म्हणत्यात. त्या वाटेनं सडका गाभा काढायचा, वाट धुवायची, भरून बंद करायची. भवतीचं हाड, हिरडी जिती हाय. ती दाताला धरून ठेवती."

"म्हंजे दात मेलेलाच की!"

बाई अडल्या. 'जिता हाय' म्हटलं असतं तर म्हातारा मुकाट खुर्चीत बसला असता. पण उद्या खरं कळलं तर तो स्वतःच सनई खाली ठेवील, हेही त्यांना दिसत होतं. पिराजींनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती, आतून सनईचं तोंड डोकावत होतं.

"ती काढा बघू," बाई म्हणाल्या. "लाकूड कसलं?"

"शिसवाचं. आज्ज्याची हाय."

"झाड जितं हाय?"

पिराजींनी सनई पिशवीतून बाहेर काढली.

"तोडलेलं, वाळलेलं, वर आतनं कोरलेलं. तरी देव रोज पहाटे ऐकतोय न्हवं? मग दातानंच काय घोडं मारलंय?"

पिराजींनी सनईवरून अंगठा फिरवला, मग जीभ दातावरून. बाईंनी मध्ये शब्द टाकला नाही. कुठं थांबायचं हे ज्याला कळतं, त्याचंच बोलणं ऐकणाऱ्याच्या मनात उतरतं.

"बाई," पिराजी उठत म्हणाले, "तुम्ही कोर्टात पायजे होता."

सनई त्यांनी शिवगंगाबाईंच्या हाती दिली, खुर्चीत जाऊन बसले आणि आ करण्याआधी डॉक्टरांना बजावलं, "कोरा. पण भोक सरळ पडू दे. वाकडं पडलं की सूर फाटतोय."